हनुवटीखालचा हात

बारा ससे माझ्या हातात गेले. गेले ते गेलेच, वर त्यांचं मरणही मी खोटं पाडलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या संस्थेत सरळ सांगायची रीत नाही. तिथं ससा मरत नाही, त्याचा ‘वापर पूर्ण होतो’. तिथं कुणी चुकत नाही, ‘त्रुटी आढळते’. एकवीस वर्षं मी तिथल्या प्राणिघरात काम करते आहे. पिंजरे धुवायचे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, ज्याचा नंबर लागेल त्याला वर टेबलापर्यंत पोचवायचं आणि काम झालं की पिशवीत घालून खाली आणायचं. सगळे मला मावशी म्हणतात. मावशी म्हटलं की नाव लक्षात ठेवावं लागत नाही.

वरच्या मजल्यावर भुलीची डॉक्टर संशोधन करत होती. तिशीतली पोर, नख कुरतडायची सवय, बोलणं मात्र स्वच्छ. ती आपल्या कामाबद्दल मला समजावून सांगायची, हे मान्य करायला हवं. बाकीच्यांनी एकवीस वर्षांत ‘मावशी, घट्ट धरा’ आणि ‘मावशी, घेऊन जा’ याखेरीज काही सांगितलं नव्हतं.

“मावशी, मेंदू पाण्यात ठेवलेला असतो,” ती पहिल्या दिवशी म्हणाली. “कवटी म्हणजे गच्च झाकणाचा डबा. आत पाण्याचा दाब वाढला की मेंदू चेपतो. आता डोक्याला मार लागलेला माणूस आला. त्याच्या डब्यात आधीच दाब वाढलेला. ऑपरेशनसाठी त्याला भूल तर द्यावीच लागणार. त्या भुलीनंच दाब आणखी चढला तर?”

“तर तो गेला.”

“गेला. म्हणून बघायचं, जुन्या औषधानं पाणी किती चढतं आणि नव्या औषधानं किती.”

“सशांत बघायचं.”

“सशांत,” ती म्हणाली आणि नखाकडे बघत बसली.

चोवीस ससे ठरले. आधीचे बारा जुन्या औषधाचे, नंतरचे बारा नव्या औषधाचे. कानाच्या शिरेतून औषध द्यायचं, श्वासाला यंत्र लावायचं, मग मानेच्या मागच्या बाजूनं केसासारखी बारीक सुई कवटीच्या बुडाशी घालायची. सुईला रबरी नळी, तिला उभी काचेची नळी, आणि काचेवर मिलिमीटरच्या खुणा. मेंदूभोवतीचं पाणी त्या काचेत जिथवर चढून थांबेल तो आकडा लिहायचा. पाऊण तास, दर पाच मिनिटांनी.

आकडा वाचायला आमचा टेक्निशियन असायचा. त्याला सगळे फूटपट्टी म्हणतात. अंगानंही तसाच आणि स्वभावानंही. घरच्या आमटीत दोन मिलिमीटर मीठ जास्त झालं म्हणून बायकोशी भांडणारा माणूस. पण त्यानं वाचलेला आकडा कधी चुकला नाही.

आणि डोकं धरायला मी. ससा झोपला की त्याची मान लोळागोळा होते. मान लोळली तर सुई हलणार, आणि सुई तिथं हलली म्हणजे खेळ खलास. डॉक्टरनं बजावलं होतं, “मावशी, जराही हलू देऊ नका.” नाही हलू दिलं. हनुवटीखाली तळवा, अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला. पाऊण तास. बोटं बधिर व्हायची तरी सोडली नाहीत. मला वाटायचं, शेवटच्या घटकेला कुणाचा तरी हात आहे त्याला. असलं काहीतरी मनाला सांगितल्याशिवाय हे काम होत नाही.

बाराही सशांत पाणी वर चढलं. एकशे दहा, एकशे सतरा, एकशे चौदा. फूटपट्टी आकडे सांगायचा आणि डॉक्टरचा चेहरा खुलत जायचा.

तेराव्या सशाच्या आदल्या दिवशी पिंजऱ्याच्या पत्र्यानं माझा तळवा फाटला. पाच टाके पडले. सुतारानं मग एक लाकडी ठोकळा करून दिला, वरून खोलगट, हनुवटी टेकायला. पुढचे बारा ससे त्या ठोकळ्यावर झाले, नव्या औषधाचे. अडुसष्ट, बाहत्तर, सत्तर. एकही पंच्याहत्तरच्या वर गेला नाही.

मोठ्या सरांनी, म्हणजे विभागाच्या प्रमुखांनी, डॉक्टरची पाठ थोपटली. लेख मासिकाकडं गेला आणि मंजूरही झाला. त्या दिवशी डॉक्टर बिस्किटांचा पुडा घेऊन खाली आली आणि लेखातली एक ओळ तिनं मला वाचून दाखवली.

“हे बघा, यात तुमचं काम आहे. प्राण्याचं डोकं स्थिर ठेवण्यात आलं.”

“कुणी ठेवलं?”

“असंच लिहायची पद्धत असते, मावशी.”

पद्धत तर पद्धत. मी बिस्कीट खाल्लं. पुढच्या महिन्यापासून समोरच्या इमारतीत, जिथं डोकं फुटलेली माणसं आणतात, तिथं सगळ्यांना नवं औषध सुरू करायचं ठरलं. नव्या औषधानं रक्तदाब झपकन खाली येतो, काही माणसांचा वर आणता आणता नाकी नऊ येतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण डोक्यातलं पाणी चढत नाही म्हटल्यावर तेवढा धोका पत्करायचा, असा विचार झाला.

मग विद्यार्थ्यांना पद्धत दाखवायचा दिवस आला. सात मुलं, नवेकोरे पांढरे ॲप्रन घातलेली, त्यातले दोघे घेरी येऊन पडायच्या बेतात. डॉक्टरनं ससा झोपवला. औषध नवंच वापरलं होतं. ठोकळा धुऊन वाळत ठेवलेला, आणि मुलं तर येऊन उभी राहिलेली. माझे टाके कधीच निघाले होते. मी म्हटलं, धरते मी. धरलं, अगदी पहिल्यासारखं.

डॉक्टर मुलांकडे तोंड करून बोलत होती. “हे औषध दिल्यावर पाणी सत्तरच्या आसपास राहतं.” फूटपट्टीची नजर काचेवर होती, माझीही. पाणी सत्तरशी आलं आणि थांबलं नाही. ऐंशी. पंच्याण्णव. एकशे बारा.

फूटपट्टीनं भुवया वर केल्या. त्याला वाटलं सुई सरकली. मला भलतीच शंका आली म्हणून एक बोट जरासं सैल केलं, तर पाणी खाली सरकलं. सगळा हात सैल केला. सत्तर. पुन्हा धरला. एकशे दहा.

मी तिसऱ्यांदा केलं नाही. गरज नव्हती. बोटांखाली मला ती लागत होती, मानेच्या दोन्ही बाजूंची ती मऊ दोरी, डोक्यातलं रक्त खाली आणणारी शीर. पाटाचं तोंड दाबलं की मागं पाणी तुंबतं. हे कळायला शाळा लागत नाही. जुन्या औषधानं पाणी चढलंच नव्हतं. पाणी मी चढवलं होतं.

मुलं गेली. डॉक्टर त्यांच्यामागून गेली. फूटपट्टी काच पुसत राहिला, एकच जागा बराच वेळ.

“तू बघितलंस,” मी म्हटलं.

“मी आकडे बघतो, मावशी. हात बघणं माझ्या कामात नाही.”

“बघितलंस की नाही?”

“हे बघा, तुम्ही काही केलं नाही, मी काही पाहिलं नाही. लेख मंजूर झालाय. पोरीची पदवी तीन आठवड्यांवर आली. आता बोललात तर तुमचं काय होईल ते होईल, तिचं काय?”

“आणि समोरच्या इमारतीत?”

“तिथं मोठी माणसं आहेत विचार करायला.”

मोठी माणसं. त्यांचा सगळा विचार माझ्या पाच बोटांवर उभा होता, आणि त्यांना मला बोटं आहेत हेच माहीत नव्हतं.

आमचे हे शिंपी आहेत. घरातच पुढच्या खोलीत मशीन आहे. संध्याकाळी मी चहा करून त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवली नाही. महत्त्वाचं काही असलं की ते मशीन चालू ठेवतात, म्हणजे बोलायला न लागता विचार करता येतो.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” शेवटी म्हणाले.

“मूठ झाकलेली होती म्हणूनच तर हे झालं.”

“शब्दात पकडू नकोस. तुझी दोन वर्षं राहिलीत. ती काढ आणि घरी ये. कुणी विचारलंय का तुला?”

“नाही.”

“मग नसती उठाठेव कशाला? बरं, सांगितलंस. पुढं काय होईल?”

“पुन्हा करावं लागेल.”

“किती?”

त्यांनी मशीन थांबवली.

“चोवीस,” ते म्हणाले. “म्हणजे तुझ्या खरं बोलण्यापायी आणखी चोवीस जायचे. आणि वर तूच न्यायचे.”

हेच मला दुपारपासून खात होतं आणि मी ते स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. नवऱ्याला बरोबर दुखरी जागा सापडते, सुईचा धंदा आहे.

“कापड चुकीचं कापलं की मी गिऱ्हाईकाला सांगतो,” थोड्या वेळानं ते आपणहूनच म्हणाले. “पण मला दुसरं कापड बाजारात मिळतं.”

“माझंही बाजारातूनच येतं,” मी म्हटलं. “पेटीत भरून, नंबर टाकून.”

चहा गार झाला होता, तसाच ते प्याले.

मी रात्रभर तळमळले वगैरे काही नाही. झोपले. सकाळी उठले तेव्हा रागानं उठले, आणि राग असला की मला नीट सुचतं. बारा ससे मेले ते कशासाठी, असं कुणी विचारलं तर माझ्याकडं आजवर एक उत्तर होतं: कुणाचं तरी डोकं वाचावं म्हणून. आता उत्तर उलटं झालं होतं. आणखी चोवीस मेले तर निदान ते उत्तर परत मिळणार होतं. त्यात पुण्य नाही, चांगुलपणा तर मुळीच नाही. एवढंच.

डॉक्टर तिच्या टेबलाशी पदवीच्या भाषणाचे कागद लावत बसली होती.

“डॉक्टर, पहिल्या बारा सशांचं डोकं मी हातानं धरलं होतं.”

“हो. माहीत आहे मला.”

“कसं धरलं होतं?”

तिला प्रश्नच कळला नाही. कळणार कसा? बारा वेळा ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि एकदाही तिनं माझ्या हाताकडे बघितलं नव्हतं. मी टेबलाला वळसा घालून तिच्यामागं गेले आणि तिच्या हनुवटीखाली हात घातला. तळवा खाली, अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला. जेवढं दाबत होते तेवढंच दाबलं.

ती आधी हसली. मग तिचं हसणं बंद झालं. सुई नीट बसली की नाही हे बघायला ती स्वतः दर सशाच्या मानेच्या शिरा क्षणभर दाबत असे. पाणी टुणकन उडतं, बोटं काढली की खाली येतं, म्हणजे नळी मोकळी. ही तिचीच युक्ती, पुस्तकातली. तिला पुढचं काही सांगावं लागलं नाही. माझ्या बोटांखाली तिची नाडी धावायला लागली तशी मी हात काढला.

“बाराही?” तिनं विचारलं.

“बाराही.”

“आणि मग ठोकळा.”

“मग ठोकळा.”

ती उठली आणि खिडकीशी गेली. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “एवढं घट्ट कुणी धरतं का हो, मावशी?”

“तुमची सुई मानेत होती. तुम्ही म्हणाला होता, जराही हलू देऊ नका.”

“मी असं... मला वाटलं नव्हतं...” ती वळली. तिचा चेहरा विस्कटला होता. “तीन आठवडे राहिलेत. तीन आठवडे, कळतंय का तुम्हाला? चार वर्षं घातलीत मी यात. तुम्ही आत्ता येऊन सांगताय.”

“आत्ता कळलं.”

“नसतं कळलं तर काय बिघडलं असतं?”

“ते तुम्ही मला सांगा. शिकलेल्या तुम्ही आहात.”

हे लागलं तिला. लागावं म्हणूनच म्हटलं होतं. मग ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली, आवाज न करता. मी जवळ गेले नाही. पाठीवरून हात फिरवावा असं वाटलं, पण त्या हाताचं आता मलाच भय वाटत होतं.

दुपारी मोठ्या सरांसमोर आम्ही तिघं. फूटपट्टीला डॉक्टरनं बोलावून घेतलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

“हातानं धरल्याची नोंद आहे कुठं?”

“नाही,” डॉक्टर म्हणाली.

“किती दाबलं, याचं मोजमाप आहे?”

“नाही.”

“मग कामवाल्या बाईच्या आठवणीवर आपण लेख मागं घ्यायचा?” ते माझ्याकडे बघून नाही, माझ्याबद्दल बोलत होते. “जे नोंदवलेलं नाही ते आपल्या दृष्टीनं घडलेलं नाही.”

“ससे मेले ते नोंदवलंय की तेही घडलं नाही?” मी म्हटलं.

फूटपट्टी खोकला. सरांनी चष्मा परत घातला.

“मावशी, तुम्ही बाहेर थांबा.”

“नाही थांबणार. एवढे दिवस आतच होते ना मी? तेव्हा कुणी बाहेर थांब म्हटलं नाही.”

मग फूटपट्टी बोलला, ज्याची मला अपेक्षा नव्हती. टेबलाच्या कडेकडे बघत, आकडा वाचावा तसा. “काल विद्यार्थ्यांसमोर औषध नवंच होतं. मावशींनी हातानं धरलेलं, एकशे बारा झालं. हात काढला, सत्तर. पुन्हा लावला, एकशे दहा. मी पाहिलं.”

“का नाही सांगितलंस?” डॉक्टरनं विचारलं.

“भ्यालो.”

सर म्हणाले, मग मला दाखवा. म्हणजे आणखी एक ससा. तो मीच आणला, जुन्या औषधासाठी. कुठला आणला ते सांगत नाही. ठोकळ्यावर हनुवटी ठेवली. त्र्याहत्तर. सर काचेकडे बघत होते. मग ठोकळा काढला आणि मी हात घातला. पाणी चढायला लागलं, सावकाश, बेशरमासारखं, एकशे अठरापर्यंत. या वेळी त्या खोलीतली सगळी माणसं माझ्या हाताकडे बघत होती. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. मला त्याचं काही सुख झालं नाही.

“हा एक ससा,” सर म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

“आणखी किती हवेत तुम्हाला?” डॉक्टरनं विचारलं.

त्या संध्याकाळी तिनं मासिकाला पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं नाही, आणि मीही विचारलं नाही. फूटपट्टीनं सांगितलं की त्यात तिनं स्वच्छ लिहिलं होतं: डोकं मदतनीस बाईंनी हातानं धरलं होतं, मी ते पाहायला हवं होतं, पाहिलं नाही. समोरच्या इमारतीत नवं औषध थांबवलं. पदवी एक वर्ष पुढं गेली. समारंभाला नातेवाईक यायचे होते, त्यांना नको म्हणून कळवताना तिला मी जिन्यात पाहिलं. भिंतीला टेकून फोनवर सारखं “नाही आई, कुणाची चूक नाही” म्हणत होती. मी खाली मान घालून बाजूनं गेले.

सरांनी माझ्यासाठी एक कागद काढला. यापुढं प्रयोगाच्या खोलीत प्रवेश नाही, प्राणी दारापर्यंत पोचवायचे. मी सही केली. उलट हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

नव्या चोवीस सशांची परवानगी यायला पाच महिने लागले. ते आले, पेटीत भरून, नंबर टाकून. महिनाभर मी त्यांना खाऊ घातलं, पाणी पाजलं. या वेळी औषधांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा होता, म्हणजे कुठल्या सशाला कुठलं औषध ते आकडा वाचणाऱ्यालाही कळू नये. शहाणपण आलं होतं. चोवीस सशांनी विकत घेतलेलं शहाणपण.

पहिल्या दिवशी सकाळी मी पाण्याच्या बाटल्या भरत होते, तर डॉक्टर प्राणिघरात आली. बिस्किटं घेऊन कुणी आलं तर आलं, ससा न्यायला तिथं कुठलाही डॉक्टर कधी उतरला नव्हता. तिनं बाह्या वर केलेल्या होत्या.

“आज मी नेते,” ती म्हणाली.

“कुठला?”

“तुम्ही सांगाल तो.”

“मी नाही सांगणार. एकवीस वर्षं मीच सांगत आलेय. तुम्ही निवडा.”

हे निर्दयपणाचं होतं, मला माहीत आहे. ती पिंजऱ्यांसमोरून हळूहळू चालत गेली आणि परत आली. पुन्हा गेली. कुणी गवत चघळत होतं, कुणी कान मागं टाकून झोपलं होतं. एका पिंजऱ्याशी ती थांबली. आतला ससा पुढं आला आणि जाळीतून तिचं बोट हुंगायला लागला.

“हाच का?” मी विचारलं.

“पुढं आला म्हणून.” आणि तिचे डोळे भरले. “हे काय कारण झालं, मावशी?”

“याहून चांगलं कारण मला तरी कधी सापडलं नाही.”

तिनं दार उघडलं आणि कानाला धरून उचलायला गेली. मी तिचं मनगट धरलं. “कानाला नाही. छातीखाली एक हात घाला, दुसरा मागून. मागचे पाय मोकळे सोडू नका, लाथ झाडली की स्वतःचाच कणा मोडून घेतात.” तिनं तसं धरलं. ससा एकदा धडपडला, मग तिच्या कोपरात तोंड खुपसून गप्प झाला.

आम्ही जिना चढलो. ती पुढं, मी मागं. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, “याचं काळीज केवढं धडधडतंय हो.” मी म्हटलं, “हो, धडधडतं.” दुसरं काय सांगणार?

खोलीचं दार मी खांद्यानं ढकलून धरलं, ती आत गेली आणि दार मिटलं. दाराला छातीच्या उंचीवर काचेचा तुकडा आहे. थोड्या वेळानं वाकून बघितलं तर ठोकळा दिसत होता, त्यावर टेकलेली हनुवटी, आणि तिच्याखाली कुणाचाही हात नाही. मी तिथून हलायला हवं होतं, खाली कामं पडली होती. हलले नाही.

वीसेक मिनिटांनी फूटपट्टी दारापाशी आला. बाहेर न येता त्यानं वहीचं पान काचेला लावलं. पहिल्या ओळीत एकच आकडा होता, एक्काहत्तर. कुठलं औषध होतं ते त्याला माहीत नव्हतं, मलाही नाही. कळायला अजून तेवीस जायचे होते. मी मान हलवली आणि दुसऱ्या सशासाठी खाली गेले.